होन, टक्के आणि तडजोड

प्रतापगडच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी जखमींचे काय केले, हे सभासदाने बखरीत नोंदवून ठेवले आहे. पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन, असे जखम पाहून माणशी वाटप झाले. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले आणि मूल नसेल तर विधवेला निमे वेतन चालू केले. १६५९ सालच्या या वाटपात जखमेला दर होता, घासाघीस मात्र नव्हती. देणारा ठरवी, घेणारा मुजरा करी. घासाघिशीचा पूर्वज शोधायचा तर आपल्याला थेट कॅरिबियन समुद्रावर जावे लागते. तिथल्या चाच्यांबरोबर राहिलेल्या एक्स्क्वेमेलिनचे पुस्तक १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापले गेले. तो सांगतो, की जहाज निघण्याआधीच करार होई: उजवा हात गेला तर ६०० चांदीची नाणी, डावा गेला तर ५००, डोळा गेला तर १००. दरोडेखोरांनी जे इमानाने लिहून ठेवले, ते सभ्य कारखानदारांकडून लिहून घ्यायला पुढे दोन शतके लागली.

मधला काळ फार कोरडा आहे. १८३७ साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या पोऱ्याने मालकावर दावा लावला. जास्त माल भरलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. प्रीस्टली विरुद्ध फाउलर या नावाने गाजलेल्या त्या निकालात पोरगा हरला, आणि त्यातूनच पुढे सिद्धांत निघाला, की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. १८८० साली संसदेने ही कोंडी थोडी सैल केली. पण मालकांनी नोकरीवर घेतानाच ‘या कायद्याखाली मी काही मागणार नाही’ असे कबूल करून घ्यायला सुरुवात केली आणि १८८२ साली न्यायालयाने ते वैध ठरवले. आपल्याकडे १८५५ सालचा प्राणघातक अपघातांचा कायदा होता. मुंबईत दावरांची पहिली कापडगिरणी सुरू होत होती तेव्हाचा. पण त्यातला दावा मृताच्या वारसांचा. हात गमावून जिवंत राहिलेल्याला त्यात जागाच नव्हती.

ती जागा प्रथम कोणी मागितली, हे पाहताना आपण परळच्या सुपारीबागेत थांबू. सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिथे गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती १८९० साली पदरात पडली. त्याच अर्जातले दुसरे कलम मात्र विस्मरणात गेले: कामावर जबर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कामगार जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. त्याच वर्षी जुलैमध्ये बिस्मार्कच्या जर्मनीत अपघात विम्याचा कायदा मंजूर झाला होता. तिथे तो समाजवाद्यांना शह म्हणून वरून आला, इथे मागणी खालून आली. खालून आलेल्या मागणीला एकोणचाळीस वर्षे ताटकळावे लागले, याचे मला फारसे नवल वाटत नाही.

दरम्यान ब्रिटनमध्ये १८९७ साली जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने नवा सौदा झाला. चूक कोणाची, हे कामगाराने सिद्ध करायचे नाही. त्या बदल्यात भरपाई ठरीव आणि मर्यादित. एकरकमी तडजोडीत कामगार नाडला जातो हे लवकरच दिसले, म्हणून १९०६ सालच्या कायद्याने नोंदणी करणाऱ्याला अपुऱ्या रकमेचा करारनामा अडवण्याची मुभा दिली. आपला १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाई कायदा याच घराण्यातला. तो १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. हक्क सोडल्याचा कोणताही करार त्याच्या १७व्या कलमाने रद्दबातल ठरवला आणि २८व्या कलमाने तडजोडीची नोंद आयुक्तांकडे करायला लावली. रक्कम अपुरी असेल, किंवा फसवून, दबाव आणून सही घेतली असेल, तर आयुक्त ती नोंद नाकारू शकत. त्याची पहिली अनुसूची वाचताना चाचेच आठवतात: कोपरापासून उजवा हात गेला तर पूर्ण अपंगत्वाच्या भरपाईचे ७० टक्के, डावा गेला तर ६०, अंगठा २५. पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. ‘जे जास्त असेल ते’ हे शब्द यायला १९८४ साल उजाडले.

पुढे उजव्या-डाव्याचा भेद गेला, अंगठा ३० टक्क्यांवर आला, तर्जनी १४ वर. पण टक्का अवयवाचा धरायचा की कामाचा? ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराजवळून कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. १९७५च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाचे अपंगत्व संपूर्णच. पुढे पाय गमावलेल्या ट्रकचालकांपर्यंत हाच धागा पोचला. कोष्टकावर अशी मात झाल्यापासून भरपाईच्या खटल्यांत ‘तुम्ही नेमके काय काम करत होता?’ या प्रश्नाला वजन आले.

आज पॉवर प्रेसवर अंगठा गमावलेल्या तीस वर्षांच्या कामगाराचा हिशेब मांडून पाहू. त्याला ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे संरक्षण असेल तर भरपाई कायद्याचा हा मार्ग बंद, त्या योजनेतली मासिक भरपाई वेगळी. ते नसेल तर २०२० साली ठरलेल्या १५,००० रुपये वेतनमर्यादेचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाच्या २०७.९८ या गुणकाने गुणले की १८,७१,८२० येतात. त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. आकडा कायद्यानेच निघाला, मग घासाघीस कशावर? ती होते ती गुणाकाराआधीच्या प्रत्येक आकड्यावर. हजेरीपत्रकात पगार आठ हजार दाखवलेला असतो आणि उरलेले पाकिटातून दिलेले असतात. डॉक्टरच्या दाखल्यावर टक्का कमी पडतो. मशीनचे गार्ड मुद्दाम काढले होते, असे म्हटले जाते. इस्पितळाचे बिल भरणारा सुपरवायझर ‘दोन लाखांत मिटवून टाकू, कोर्टात चपला झिजतील’ म्हणत व्हाउचर पुढे करतो, आणि घरभाडे थकलेला माणूस सही करतो. महिन्याभरात रक्कम न दिल्यास बारा टक्के व्याज लागते आणि वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्या टेबलावर कोणी काढत नाही. १९२३चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला आहे; नोव्हेंबर २०२५मध्ये ती लागू झाली. तडजोडीच्या नोंदणीची अट मात्र तिथेही आली आहे. नोंद न केलेल्या व्हाउचरवर दिलेल्या दोन लाखांपैकी, अधिकाऱ्याने वेगळा आदेश दिला नाही तर, फार तर निम्मे हिशेबात वळते होतात, उरलेल्या ४,६१,५४६ रुपयांचे देणे मालकाच्या डोक्यावर तसेच राहते.