साच्याची साक्ष

एखाद्या खेळण्यातल्या मोटारीच्या पोटाखाली ‘1969’ असं कोरलेलं असलं, तर ती मोटार कधी तयार झाली? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुलं पटकन ‘1969 साली’ असं सांगतील. उत्तर सरळ वाटतं, पण ते चूक असण्याची शक्यता बरीच आहे. पोटाखालचं वर्ष बहुधा त्या नमुन्याच्या आराखड्याचं असतं. तो आराखडा एकदा साच्यात कोरला की त्या साच्यातून दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनीही मोटारी निघत राहतात आणि प्रत्येकीच्या पोटाखाली तेच वर्ष उमटतं. वस्तूवर लिहिलेलं वर्ष आणि वस्तूचं वय यांत असा फरक पडू शकतो. नाणी, ताम्रपट, जुनी पुस्तकं यांच्या बाबतीत इतिहासकारांना हा फरक सतत सांभाळावा लागतो. तो समजावून घ्यायला प्लास्टिकची मोटार हे एक चांगलं साधन आहे.

मोटारींचे प्लास्टिकचे जुळणी-संच जमवण्याचा छंद जगात अनेकांना आहे. खोक्यात सुटे भाग असतात. ते चिकटवले की खऱ्या मोटारीची लहान प्रतिकृती तयार होते. काही संच 1950-60 च्या दशकांतले असतात, तर काही त्याच जुन्या साच्यांतून कितीतरी वर्षांनी पुन्हा काढलेले. मूळ संच आणि पुन्हा काढलेला संच शेजारी-शेजारी ठेवायचे आणि काय बदललं ते शोधायचं, हा या छंदाचा मोठा भाग आहे. वरवर पाहता हा निव्वळ विरंगुळा. पण त्यातली विचार करण्याची पद्धत इतिहासाच्या अभ्यासाचीच आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकूर समाजाच्या वस्त्यांना ठाकूरवाडी म्हणतात. अशा वाडीतल्या शाळेत परदेशी जुळणी-संच मिळणार नाहीत. इथल्या मुलांची गाडी म्हणजे तुटक्या चपलेच्या रबरातून कापलेली चाकं, बांबूची कामटी आणि एखादी तार. अशा दोन गाड्या कधीच सारख्या नसतात, कारण त्यांना साचा नसतो. साचा म्हणजे काय हे मात्र रायगड जिल्ह्यात फार समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या पेणला गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात. एका साच्यातल्या मूर्ती सारख्या दिसतात, साच्याचे भाग जुळतात तिथे मूर्तीवर बारीक रेघ उमटते, ती घासून काढावी लागते आणि साचा फार वापरला की बारीक नक्षी बोथट होते. प्लास्टिकच्या मोटारीबद्दल आम्हांला जे सांगायचं आहे, त्यातलं निम्मं या एका उदाहरणात आलं.

प्लास्टिकच्या कामात साचा पोलादाचा असतो, दोन घट्ट मिटणाऱ्या भागांचा. पॉलिस्टायरिनचा दाणा दोनशे अंश सेल्सियसच्या वर तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबानं साच्यात घुसवतात. तो थंड झाला की साचा उघडतो आणि सगळे भाग एका चौकटीच्या काड्यांना लटकलेले बाहेर पडतात. एकेक संच काढायला खर्च थोडा, पण साचा कोरायला फार मोठा. म्हणूनच कंपनी बुडाली, विकली गेली किंवा मॉडेल जुनं झालं तरी साचा सहसा कुणी भंगारात घालत नाही. तो दुसऱ्याला विकला जातो. पुन्हा काढलेल्या संचांचा सगळा इतिहास या एका आर्थिक कारणातून सुरू होतो.

इंग्लंडमधल्या एअरफिक्स कंपनीनं 1949 च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लास्टिक प्रतिकृती केली, ती मुळात ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी. अमेरिकेतही एएमटी ही कंपनी मोटारींच्या दुकानदारांसाठी तयार प्रतिकृती बनवत असे. गिऱ्हाइकाला नव्या मोटारीचा आकार आणि रंग हातात धरून दाखवता यावा, हा हेतू. सुरुवातीच्या या प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. हे प्लास्टिक काही वर्षांत आकसतं, वाकतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची जागा पॉलिस्टायरिननं घेतली. त्यामुळे जुन्या प्रतिकृतीचं छप्पर किंवा तळ वाकलेला दिसला, तर ती कोणत्या काळातली असावी याचा एक अंदाज लगेच करता येतो.

1958 साली एएमटीनं हेच नमुने सुट्या भागांच्या संचांत विकायला सुरुवात केली. एका संचातून तीन प्रकारे मोटार जुळवता येई : कारखान्यातून निघालेली, मालकानं हौसेनं बदललेली आणि शर्यतीची. खऱ्या मोटारींचे दिवे, बंपर, जाळ्या अमेरिकेत त्या काळी दरवर्षी बदलत. मग प्रतिकृतीवाले काय करत? दरवर्षी नवा साचा परवडत नसे. ते जुनाच साचा पुन्हा कोरून घेत. 1961 चा साचा असा 1962 चा झाला, की 1961 ची मोटार त्यातून पुन्हा निघणं बंद. पुढे 1970 च्या दशकात यांतल्या काही साच्यांची आणखी मोडतोड करून त्यांतून शर्यतीच्या गाड्या काढल्या गेल्या. साचा शिल्लक राहिला, पण त्यातला मूळ आकार गेला.

हे नुकसान खरं होतं. पण काही घरांत न जुळवलेले जुने संच खोक्यांत तसेच पडून होते. अलीकडच्या काळात काही कंपन्यांनी असे संच मोजून, त्यांची संगणकावर नक्कल घेऊन हरवलेले भाग नव्यानं कोरले आहेत. मूळ हस्तलिखित नष्ट झाल्यावर एखाद्या घरातल्या पोथीवरून पाठ पुन्हा जुळवावा, तसंच हे काम आहे. संग्राहकांनी जपलेली खोकी इथे दस्तऐवज ठरली.

साच्यांच्या प्रवासात राजकारणही शिरतं. ब्रिटनच्या ‘फ्रॉग’ या कंपनीचे संच 1976 साली बंद झाले आणि तिचे बरेच साचे सोव्हिएत युनियनला गेले. तिथून तेच संच ‘नोवो’ या नावानं निघाले. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन, जपानी विमानांचे साचे मात्र तिकडे गेले नाहीत, ते रेव्हेल कंपनीकडे गेले. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती, तरी खेळण्यांच्या साच्यांची वाटणी युद्धातल्या बाजूंप्रमाणे झाली.

आता तुलना कशी करायची ते पाहू. पहिली खूण बारीक नक्षीची. साचा झिजला की कडा बोथट होतात आणि सांध्यातून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. दुसरी खूण अधिक मजेची आहे. साच्यातून पोलाद काढणं सोपं असतं, भरणं अवघड. साच्यात खड्डा पडला की वस्तूवर उंचवटा येतो. म्हणून वस्तूवर नवी उठावाची अक्षरं आणणं सोपं; जुनी उठावाची अक्षरं घालवायची तर साच्यातले खड्डे भरावे लागतात. त्याऐवजी पुष्कळदा अक्षरांभोवतीचं पोलादच तेवढ्या खोलीपर्यंत कोरून टाकतात. मग वस्तूवर नावाच्या जागी एक कोरी, उठलेली पट्टी दिसते. कोरी पट्टी दिसली की विचारावं : इथे आधी काय लिहिलं होतं?

तिसरी खूण मापाची. पॉलिस्टायरिन थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. साचा कोरणारे हे धरूनच माप थोडं मोठं ठेवतात. पण कुणी मूळ साचा नसताना तयार प्रतिकृतीवरूनच नवा साचा केला, तर आकसणं दुसऱ्यांदा होतं. फियाट 1100 डी ही मोटार 393 सेंटिमीटर लांब होती. पंचविसाव्या हिश्शानं तिची प्रतिकृती 15.7 सेंटिमीटर होईल. अर्धा टक्का म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त. एवढा फरक व्हर्नियर कॅलिपरनं सहज मोजता येतो. नक्कल मुळापेक्षा लहान असते, हे इथे अक्षरशः खरं आहे.

असे साचे भारतातही आले. तयार खेळण्यांच्या आयातीवर निर्बंध होते, साचा आणून इथे माल काढणं शक्य होतं. ब्रिटनच्या डिंकी या धातूच्या मोटारींचे निवृत्त साचे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाल्या. आकार तेच, रंगकाम जाड, तळावर बदललेलं नाव. ‘डिंकी’ आणि ‘निकी’ शेजारी ठेवल्या की वरच्या सगळ्या खुणा तपासता येतात.

खऱ्या मोटारींचंही तेच झालं. इटलीत 1962 साली आलेली फियाट 1100 डी 1964 पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागली आणि 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. इटलीत ती 1966 सालीच मागे पडली होती. इथे ती 2000 च्या सुमारापर्यंत बनत राहिली आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. 1985 साली आलेल्या प्रीमियर 118 एनईचा सांगाडा तर स्पेनच्या सिआट कंपनीकडून घेतलेल्या साच्यांवर, म्हणजे फियाट 124 च्या आकारावर बेतलेला होता. इंजिन मात्र निसानचं. खोपोलीवरून बोरघाट चढणाऱ्या या गाड्या ठाकूरवाड्यांतल्या आजच्या पालकांनी लहानपणी पाहिल्या असतील. ती इटलीची मोटार म्हणायची, स्पेनची, जपानची की मुंबईची?

हे सगळं वर्गात करून पाहण्यासाठी संच लागत नाही. भाताच्या खाचरातली चिकणमाती मळून तिच्यात फणसाची आठळी दाबा, ठसा थोडा सुकू द्या आणि त्यात मेणबत्तीचं वितळलेलं मेण शिक्षकांनी ओतावं. एक प्रत निघाली की टाचणीनं साच्यात एक अक्षर कोरा आणि दुसरी प्रत काढा. कोरताना अक्षर उलटं काढावं लागेल, हे मुलांना स्वतः शोधू द्या. मग ते अक्षर बुजवून तिसरी प्रत काढा. तिन्ही प्रती दुसऱ्या गटाला द्या आणि क्रम ओळखायला सांगा. त्यांनी नुसता क्रम सांगू नये, कशावरून ओळखला तेही सांगावं. पहिली आणि तिसरी यांत घोळ होईल, वाद होईल. बुजवलेल्या जागेची खूण कुणाला तरी सापडेल. नाही सापडली, तर ‘या पुराव्यावरून सांगता येत नाही’ हेही उत्तर बरोबर धरावं.