मांजराची वंशावळ

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ज्वारी पेवात किंवा कणगीत साठवली जाई. धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे मांजर, हे ओघानेच आले. हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतच्या खेड्यात अमुक घरी मांजर 'पाळले आहे' असे फारसे कोणी म्हणत नाही. ते घरात असते, इतकेच. त्याची जात कोणी विचारत नाही. पण लांब केसांचे, चपट्या नाकाचे 'पर्शियन' पिल्लू समोर आले की पहिला प्रश्न तोच असतो: हे खरोखर जातिवंत आहे का? अशी जोडी घरी ठेवावी, पिल्ले वाढवावीत, असेही मग मनात येते. म्हणून 'जातिवंत' या शब्दामागचा इतिहास एकदा तपासून पाहू या.

आपणहून आलेला प्राणी

गाय, घोडा, कुत्रा यांना माणसाने आपल्या गरजेप्रमाणे घडवले. मांजराचे तसे झाले नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारे भरू लागली, आणि तिथले रानमांजर उंदरांच्या मागे वस्तीत आले. जी मांजरे माणसाला कमी भ्यायली ती टिकली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले; ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये डीएनएच्या तुलनेतून दिसले की जगातली सगळी पाळीव मांजरे त्याच भागातल्या रानमांजराची वंशज आहेत. आपल्याकडचा पुरावाही जुना आहे. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५-३६ साली उत्खनन झाले. तिथल्या एका विटेवर मांजराच्या आणि त्याच्यामागे लागलेल्या कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत. वीट ओली असताना ती पळापळ झाली असावी.

या हजारो वर्षांत मांजराची निवड झाली ती त्याच्या कामावरून. रूपाकडे लक्ष फारच उशिरा गेले.

नाव इराणचे, गाव काबूल

लांब केसांच्या मांजराची हकीकत आपल्या इतिहासाला स्पर्शून जाते. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०८ मध्ये काबूलच्या राजाकडे वकील म्हणून गेले. त्या राज्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८१५ मध्ये निघाला. तेव्हा ते पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते. त्यात मांजरांवर थोडा मजकूर आहे. लांब केसांच्या या मांजरांना तिकडे 'बुराक' म्हणतात, ती मोठ्या संख्येने परदेशी पाठवली जातात आणि सगळीकडे 'पर्शियन' म्हणवतात. प्रत्यक्ष इराणात मात्र ती फारशी नाहीत, असे ते नोंदवतात. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही नाव एकीकडचे आणि माल दुसरीकडचा अशीच स्थिती होती.

२००८ मध्ये जगभरातल्या मांजरांच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा याहून गमतीची गोष्ट कळली. आजचे पर्शियन मांजर आशियातल्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांना जवळचे आहे. लांब केस घेतले, आणि बाकी रक्त तिथल्याच मांजरांचे मिसळत गेले.

१३ जुलै १८७१

ही मिसळ घडली कशी? त्या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. ते भरवणारे हॅरिसन वेअर हे चित्रकार होते. कोणत्या रंगाला, केसांना किंवा डोक्याच्या ठेवणीला किती गुण द्यायचे, याची मोजपट्टी त्यांनीच ठरवली. १८८७ मध्ये 'नॅशनल कॅट क्लब' निघाला, वेअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि मांजरांच्या वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या. ज्याचे आईबाप वहीत, ते जातिवंत. मांजराच्या बहुतेक जातींचे वय हे असे दीडशे वर्षांच्या आतलेच आहे.

बक्षिसांपुढे मांजराचे हित मागे पडते आहे असे वाटून वेअर पुढे या क्लबपासून दूर झाले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला होता, पण १९०० पर्यंत त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. हवे ते रूप लवकर पक्के व्हावे म्हणून पाळणारे जवळच्या नात्यातली मांजरे एकत्र आणत. त्याने रूप पक्के झाले. लपलेले दोषही पक्के झाले.

रूपाची किंमत

पर्शियन मांजराच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा विकार आहे. एकेकाळच्या पाहण्यांत तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक पर्शियन मांजरांत तो आढळला. त्याला कारण असलेला जनुकातला बदल २००४ मध्ये सापडला. हा बदल प्रभावी आहे. आईबापांपैकी एकात असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. लक्षणे बहुधा मध्यम वयात दिसतात, आणि तोवर त्या मांजराची कितीतरी पिल्ले घरोघर गेलेली असतात. चपट्या नाकामुळे श्वासाचा आणि डोळ्यांचा त्रास होतो तो निराळाच. मांजराला अंगभर घाम येत नाही, आणि आपल्या भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी अंगावर लोकर आणि नाक अरुंद असलेल्या प्राण्याचे काय होत असेल?

स्कॉटलंडमधल्या एका शेतावर १९६१ मध्ये दुमडलेल्या कानांची भाटी सापडली. तिच्या वंशातून 'स्कॉटिश फोल्ड' ही जात निघाली. कान दुमडवणारे तेच जनुक सांध्यांची कूर्चाही बिघडवते. म्हणून ब्रिटनमधल्या नोंदणी संस्थेने १९७० च्या दशकात या जातीची नोंद बंद केली.

आणखी एक धोका रक्तगटाचा. मांजरांत मुख्यतः ए आणि बी असे गट असतात. बी गटाच्या भाटीला ए गटाच्या बोक्यापासून ए गटाची पिल्ले झाली, तर तिच्या पहिल्या दुधातली प्रतिद्रव्ये पिल्लांच्या तांबड्या पेशी फोडतात. धडधाकट जन्मलेली पिल्ले दोनचार दिवसांत मरतात. बी गट पर्शियनसारख्या काही जातींत जास्त असतो. जोडी जमवण्याआधी रक्त तपासणे हा एवढ्यासाठीच आवश्यक भाग आहे.

लाघवीपणा कुठून येतो?

'ही जात फार लाघवी' असे विकणारा सांगतो. त्यात थोडे तथ्य आहे, पण अपुरे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसांनी त्याला रोज हाताळले तर ते जन्मभर माणसाळलेले राहते, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये दाखवले की बापाचा धीट स्वभावही पिल्लांत उतरतो. मग तो बाप पिल्लांच्या दृष्टीसही न पडो. वारसा आणि वळण असे दोन्ही लागते. वळणाचा भाग गावठी पिल्लालाही तितकाच लागू आहे. भाटी सुमारे नऊ आठवड्यांनी विते. त्यानंतरचे दोन महिने कोण कसे वागते यावर पुष्कळ अवलंबून असते.

घरचेच मांजर

शेजारच्या वऱ्हाडात प्लेगच्या काळात डॉ. अँड्र्यू बुकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजली. मांजरे जास्त तिथे प्लेग कमी, असे त्यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तेवढ्यावरून मांजरामुळेच प्लेग टळला असे सिद्ध होत नाही. मांजरालाही प्लेग होतो. पण त्यांच्या मोजणीत मांजराची जात हा प्रश्न नव्हता.

अशी मोजणी वर्गातही करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतली मांजरे पाहून रंग आणि लिंग लिहावे. पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग असलेली मांजरे जवळजवळ सगळी भाटी निघतील. तांबूस रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते नेमके कोणते, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बोक्याजवळ एक्स एकच, त्यामुळे तो काळा तरी होतो किंवा तांबूस. आनुवंशिकतेचा हा धडा शिकवायला वंशावळीची वही लागत नाही. कणगीजवळ झोपलेले मांजर पुरते.