आई-वडिलांसाठी अमेरिकेचा व्हिसा
१९१७च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९४६ मध्ये ते किलकिले झाले, तेही वर्षाला जेमतेम शंभर जणांपुरते. आई-वडिलांचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला १९६५च्या कायद्याने. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकाचे पालक संख्येच्या मर्यादेतून वगळले गेले. ग्रीन कार्डधारकाला मात्र ही सोय नाही; आधी नागरिकत्व, मग आय-१३० अर्ज. त्याला जोडायचा अर्जदार मुलाचा किंवा मुलीचा जन्मदाखला, आणि जुन्या दाखल्यांवर कित्येकदा बाळाचे नावच नसते! मग नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे गोळा करणे आले. १९९६च्या कायद्याने खर्चाची हमीही कोर्टात बजावता येईल अशी केली: अर्जदाराचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या सर्वसाधारणपणे किमान १२५ टक्के हवे. पालक नागरिक झाले तर ती हमी संपते.