वहीत न मावलेली चाल

बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी आपल्यापर्यंत आली ती वहीतून. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्या माणसांनी ती टिपून घेतली, सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. वर्गात आम्ही ती कविता म्हणून शिकवतो. पण बहिणाबाई कविता करायला बसत नव्हत्या. हाताने काम चाले आणि तोंडाने गाणे. वहीने शब्द धरले, चाल मात्र वहीत मावली नाही. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी घरोघर गेली, पण त्या चाली वसंत पवारांच्या. सुंदरच आहेत. तरी त्या जळगावच्या शेतावरच्या नव्हेत.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट बोचते. ज्याला पेटी येत नाही, तंबोरा जुळवता येत नाही आणि स्वरलिपी ठाऊक नाही, त्याने आपली चाल ठेवायची कुठे? भातखंडे आणि पलुस्कर या दोघांनी स्वरलिपी घडवल्या, हे त्यांचे उपकारच. पण त्या लिपीत लिहायलाही आधी कोमल-तीव्र ओळखणारा कान हवा. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांना तो होता. देवासला आजारपणात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानांत साठवली आणि त्यांतून नवे राग उभे केले. असा कान शतकात एखाद्याला मिळतो. बाकीच्यांनी काय करावे?

बाकीच्यांसाठी यंत्र आले. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफवर पहिल्यांदा काही बोलून ऐकवले, तेव्हा एखादे मोठे वाद्य वाजवले नाही. एक बालगीत म्हटले. १८९० साली फ्यूक्स नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेच्या मेन प्रांतात पासामाक्वॉडी या आदिवासींची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली. हंगेरीत बार्टोक १९०६ पासून असेच यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या खेड्यांत पर्सी ग्रेंजरने म्हाताऱ्या गवयांना फोनोग्राफच्या कर्ण्यापुढे बसवले. ग्रेंजरचे एक म्हणणे मला फार पटते. दर कडव्याला गाणारा चाल थोडी वळवतो, ती त्याची चूक नव्हे, तेच त्याचे गाणे. कागदावर लिहिणारा हे वळण ‘सुधारून’ टाकतो. यंत्र सुधारत नाही.

यंत्राच्या आधी, आणि नंतरही, वाद्यलेखन न येणाऱ्या रचनाकाराला दुसऱ्या माणसाचा आधार लागे. चार्ली चॅप्लिन थोडेफार व्हायोलिन वाजवी, पण त्याला स्वर लिहिता येत नव्हते. ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) साठी त्याने चाली गुणगुणल्या आणि डेव्हिड रॅक्सिन या तरुण संगीतकाराने त्या मांडून घेतल्या. लंडनच्या लायोनेल बार्टची कथा याहून ठसठशीत. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि लिहिताही येत नव्हती. तरी डिकन्सच्या कादंबरीवरचे ‘ऑलिव्हर!’ हे त्याचे संगीत नाटक १९६० साली रंगमंचावर आले आणि तुफान चालले. चाली त्याच्या गळ्यातल्या, वाद्यमेळ एरिक रॉजर्सचा. मायकेल जॅक्सनही वाद्य हातात न घेता ताल, खर्ज, साथ असे सारे तोंडानेच वेगवेगळे गाऊन ध्वनिमुद्रित करी आणि मग वादकांना ऐकवी. ‘बीट इट’चा (१९८२) असा कच्चा मसुदा पुढे प्रसिद्ध झाला आहे. तो ऐकला की कळते, गाणे वाद्यांच्या आधीच पुरे झालेले होते.

सामान्य माणसाच्या हातात ही सोय आली ती फिलिप्सच्या १९६३ च्या कॅसेटमुळे. १९७९ साली टिअॅक कंपनीने एकाच कॅसेटवर चार वेगळे आवाज भरता येतील असे यंत्र काढले. आपल्याकडे ते कोण घेणार? पण दोन साधे टेपरेकॉर्डर असले तरी भागत असे. एकावर चाल गायची. ती वाजू द्यायची आणि दुसरा सुरू करून तिच्यासोबत ठेका किंवा झील म्हणायची. दर फेरीला खरखर वाढे, तिसऱ्या फेरीनंतर पावसात उभे राहून गातो आहोत असे वाटे. पण चाल शाबूत राही. आमच्या शाळेतल्या एका कारकुनांनी निरोप समारंभाचे गाणे असेच केले होते. हाताशी एकही वाद्य नव्हते. बाकावर बोटांनी ठेका धरला, आधी बराच वेळ ‘सा’ लावून ठेवला आणि मग गायले. ती कॅसेट शेजारच्या गावच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांकडे गेली. त्यांनी त्याच ‘सा’वर पेटी जुळवली. हा सुरुवातीचा ‘सा’ फार मोलाचा. वाद्य नसले की गळा हळूहळू चढतो किंवा उतरतो, आणि ऐकणाऱ्याला मूळ ठिकाण सापडत नाही.

महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर केले ते हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या गटाने वर्षानुवर्षे लिहून घेतल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना मिळाले आणि शब्दांबरोबर आवाजही टिपला गेला. ओवीला वाद्य लागतच नाही. जात्याची घरघर हाच तिचा तंबोरा. गिरणी आली, जाते थांबले आणि ओवी म्हणायचे निमित्तच गेले.

आपल्या भागात प्रश्न आणखी अवघड आहे. इथे एकाच स्वयंपाकघरात सासू मराठी ओवी म्हणते आणि सून कन्नड पद. कधी दोघींची चाल एकच असते. मराठीवाल्यांनी संग्रह केला तर कन्नड पद गळते, कन्नडवाल्यांनी केला तर ओवी. शब्दांवर मालकी सांगणारे पुष्कळ आहेत. चालीवर अजून कुणी दावा लावलेला नाही, हे नशीबच.

आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. पोतेभर वाण्याच्या याद्या, लग्नाचे फोटो त्यात राहतात, तसे एक गाणेही राहील. आधी गाणारीचे नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी. मग ‘सा’. पंखा बंद करावा, कुकरची शिट्टी होऊ द्यावी. माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील तर त्यांना बुरशी लागण्याआधी खाली काढाव्यात, सैल झालेली फीत पेन्सिलीने गुंडाळावी आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर कुणाकडे आहे याची चौकशी याच सुट्टीत करावी. आमच्या गल्लीत असा एकच उरला आहे.