पाणचक्कीचा हौद

क्रांती चौकातून रिक्षा करून पाणचक्कीला येणारी मंडळी भिंतीवरून पडणारं पाणी बघतात, फोटो काढतात आणि निघतात. मी मात्र हौदाशी रेंगाळतो. घरी स्विमिंग पूल असलेल्या एका मित्राचं पंप, फिल्टर, क्लोरीनचं रडगाणं ऐकल्यापासून तर जास्तच!

इथे मोटार नव्हती. सुमारे ६ किलोमीटरवरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून निव्वळ उतारावर आणलेलं. वाटेतल्या मनोऱ्यांत ते वर चढे, पुन्हा उतरे. कोंडलेली हवा सुटे, गाळ तळाशी बसे. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या सुरुवातीला शहरात नहर आणली, त्याच परंपरेतलं हे काम. पडणाऱ्या पाण्यावर जातं फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या लोकांचं पीठ निघे.

गंमत म्हणजे हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. उन्हाळ्यात गारवा फुकट, आणि गळती लागलीच तर पहिला थेंब खाली बसलेल्याच्या डोक्यावर. लपवणार कशी?

नळांचं तसं नाही. ते जमिनीखाली. वर कुणी पाया खणला, आत मुळं शिरली, तरी हौदाला ते कळतं पाणी कमी झाल्यावरच. आणि मनोऱ्यातला गाळ? तो तर हातानेच काढावा लागतो...