चारसोबीस : कलमाची शिवी कशी झाली

बाजारात वस्तूची किंमत आपण ‘चारशे वीस’ सांगतो, पण लबाड माणसाची गोष्ट निघाली की तोच आकडा हिंदीतून येतो : ‘पक्का चारसोबीस आहे तो.’ कोर्टकचेरीची पायरी न चढलेल्या माणसालाही याचा अर्थ विचारावा लागत नाही.

हा आकडा कायद्याच्या पुस्तकातला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ साली फौजदारी कायद्याचा मसुदा तयार केला आणि तो वीसहून अधिक वर्षं पडून राहिला. १८५७ चा उठाव होऊन गेल्यावर, ऑक्टोबर १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यात फसवणुकीची व्याख्या होती कलम ४१५ मध्ये, साध्या फसवणुकीची शिक्षा ४१७ मध्ये. मग ४२० च का गाजलं? कारण ४१७ ला फार तर एक वर्ष कैद, आणि गुन्हा अदखलपात्र. फसवून कुणाकडून पैसा किंवा मालमत्ता काढून घेतली की मात्र ४२० लागायचं : सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड, आणि वॉरंटशिवाय अटक. लोकांना पोलीस दारात आलेले दिसायचे ते या कलमाखाली. ‘त्याच्यावर ४२० लागलं’ पासून ‘तो ४२० आहे’ पर्यंतचं अंतर मग बोलण्याच्या ओघातच सरलं. माणसावर लागणारं कलम माणसाचं नाव झालं. पुढे ‘चारसोबीसी’ हे भाववाचक नामही आलं.

राज कपूरचा ‘श्री ४२०’ १९५५ चा. मुंबईत आलेला, इमानदारीचं पदक गहाण टाकणारा नायक आणि आकड्याआधी लावलेलं ते ‘श्री’! प्रेक्षकांना आकडा आधीच ठाऊक असल्याशिवाय हे नाव सुचणारच नाही. सिनेमाने तो घरोघरी नेला, एवढं श्रेय त्याचं.

इतर कलमंही बोलण्यात आली. खुनाचं ३०२ सगळ्यांना माहीत, ३०७ ला तर ‘हाफ मर्डर’ हे खास नाव. पण खुन्याला कुणी ‘तीनसोदो’ म्हणून हाक मारत नाही. खून रोज भेटत नाही, फसवणारा भेटतो. नायजेरियातही असंच झालं : तिथल्या फौजदारी कायद्याचं कलम ४१९ हेच ठकबाजीचं नाव होऊन बसलं.

मला ही शिवी मोलाची वाटते, आणि त्याचं कारण तिच्या शेजारच्या शब्दात आहे. ‘भामटा’ आपण किती सहज म्हणतो! पण भामटा हे एका जमातीचं नाव आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतलं. ‘उचल्या’चंही तेच. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं, तेव्हा अनेक वाचकांना त्या शब्दामागची माणसं पहिल्यांदा दिसली. ज्या इंग्रज सरकारने १८६० ला कृत्यावरून गुन्हा ठरवणारा कायदा केला, त्यानेच १८७१ ला जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा आणला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. शब्द मात्र अजून आपल्या तोंडी आहे आणि त्या घरातल्या मुलाला शाळेत ऐकावा लागतो. ‘चारसोबीस’ कुणाच्या आईबापापर्यंत, जातीपर्यंत जात नाही. ज्याने फसवलं त्यालाच लागतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणूक तिथे कलम ३१८ मध्ये आहे, आणि पूर्ण संहितेत कलमंच ३५८. म्हणजे ४२० क्रमांकाचं कलम आता नाहीच. पाकिस्तानच्या दंड संहितेत ते अजून आहे. कायद्याने आकडा सोडला तरी आपण तो सोडू नये. सोडायचाच तर ‘भामटा’ सोडावा.