टाकळघाटची शाळा

नागपूरच्या अग्रसेन चौकात मेट्रोतून उतरलात की गांधीबाग दोन पावलांवर. खरी कसरत पुढे. गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्या, वाकून चालणारे हमाल, गादीवर उलगडून टाकलेल्या साड्या, आणि ‘या भाऊ, पाहून तर घ्या’ म्हणत हात धरणारा पोरगा. पाट्यांवर मालकाचे नाव बहुधा मालाच्या नावापेक्षा मोठे. एक गठ्ठा अंगावर येतो, तो चुकवायला तुम्ही बाजूला होता आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात जातो.

वर पाहता तर मेट्रोचा पूल नाही. सन 1863, श्रावण सरत आलेला, पोळा तोंडावर. ‘गांधीबाग कुठे?’ असे विचारू नका. ज्याचे नाव तिला मिळायचे आहे, त्याचा जन्म व्हायलाच अजून सहा वर्षे आहेत. कापड मात्र आहे. कोष्ट्यांच्या घराघरांतून मागाचा खटखटाट ऐकू येतो. भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि दरबारी गिऱ्हाईक गेले. आगगाडी यायला चार वर्षे आहेत.

शहरात तुम्हाला एक स्कॉटिश पाद्री भेटतो आणि मराठीतच बोलतो. हे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. 1845 मध्ये नागपुरात आले, पुढच्या वर्षी शाळा काढली. सुट्टीत खडक फोडत हिंडतात. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी शहराजवळच्या टाकळीच्या थरांतून शिंपले, हाडे, झाडांचे अवशेष गोळा केले आणि लंडनच्या भूशास्त्रज्ञांना नागपूर हे नाव माहीत करून दिले. एका हिरवट खनिजाला ‘हिस्लोपाइट’ म्हणतात, गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाच्या प्रजातीला ‘हिस्लोपिया’. दोन्ही नावे दुसऱ्यांनी दिलेली. गोंडांची भाषा, गाणी, चालीरीती यांच्या टिपणांचा ढीग घरी पडून आहे. पुस्तक अजून झालेले नाही.

त्यांना संत करून टाकू नका. हाच माणूस बाजारात उभा राहून तुमच्या देवाधर्माला चूक ठरवतो. ते तुम्हाला बोचेल, आणि बोचावेच. आपल्याच वाटेने मुक्ती आहे अशी खात्री बाळगणाऱ्याला नम्र म्हणावे का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडतो. पण 4 सप्टेंबरच्या दिवशी त्यांच्याबरोबर चला.

दक्षिणेकडे, बोरीच्या वाटेला. आजचे बुटीबोरी ते हेच. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा तळ तिथे पडलेला आहे. जवळच टाकळघाटला शिलावर्तुळे आहेत. मेलेल्यांसाठी हजारो वर्षांपूर्वी गोलाकार मांडलेले दगड. ती उकरून पाहायची आहेत. प्रांताचा कारभारी जातीने आला आहे आणि तिथल्या मातीची सर्वांत जास्त माहिती आहे ती हिस्लॉप यांना. जेवणाच्या टेबलावर आज त्यांचाच शब्द चालेल.

काम आटोपते, टेंपल तळाकडे वळतात. हिस्लॉप मागे थांबतात. गावात शाळा आहे, तिथल्या पोरांची परीक्षा घ्यायची राहिली आहे.

तुम्ही थांबला असता? मी नसतो थांबलो. साहेबाच्या घोड्याशेजारी घोडा काढून शिलावर्तुळांवरचे माझे मत पुन्हा एकदा ऐकवले असते.

तुम्ही दाराशी उभे राहता. पाढे, धुळाक्षरे, अडखळणारे वाचन. या पोरांपैकी कोणी लंडनला पत्र लिहिणार नाही की त्यांच्या नावाची शिफारस करणार नाही. आपल्याकडे नम्रता बहुधा माइकसमोर सापडते. ‘मी कसला, एक साधा सेवक’ म्हणत शाल आणि श्रीफळ घेतले जाते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा आपण गुरू आहोत हे तो नाकारत नाही. उलट तसे स्पष्ट सांगतो. स्वतःला क्षुद्र म्हणवून घेण्याची त्याला गरज पडत नाही. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये तो प्रसंग होतो तेव्हा पाहणारे शेकडो असतात. टाकळघाटच्या त्या संध्याकाळी चार पोरे आहेत, आणि त्यांनाही यात काही विशेष वाटत नाही. हिस्लॉप यांनाही नसेलच वाटले. माझ्या लेखी खरी नम्रता ती हीच.

शाळा सुटेपर्यंत दिवस बुडतो. ते एकटेच घोड्यावर निघतात. वाटेतला ओढा पावसाने फुगलेला आहे. तुम्ही ओरडाल, पण 1863 मध्ये तुमचा आवाज पोचत नाही. तळावर घोडा येतो, स्वार नाही. शोधायला गेलेल्यांच्या हाती देहच लागतो. सेहेचाळीस पुरे व्हायला चार दिवस उरले होते.

घरातली ती टिपणे टेंपल यांनी 1866 मध्ये संपादून छापली आणि ग्रंथ हिस्लॉप यांचाच म्हणून पुढे ठेवला. हे श्रेय टेंपलना द्यायला हवे. हिस्लॉप कॉलेज 1883 मध्ये सुरू झाले. 1968-69 मध्ये शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केले आणि त्या दगडांचा काळ लोहयुगाचा ठरला. पुन्हा नागपूरला गेलात तर गांधीबागेतली खरेदी उरकून बुटीबोरीकडे गाडी वळवा. वर्तुळे पाहा, आणि गावात शाळा भरलेली असेल तर थोडा वेळ तिच्यासाठीही काढा.